शेंगदाणा, केळं, ताक : घरच्या घरी ताकदीचा पेला

‘स्मूदी’ हा शब्द मोबाईलमुळे आता माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातही पोचला आहे. व्हिडिओत एक ताई काचेच्या भांड्यात बदाम, परदेशी बिया, बर्फ आणि कुठलीशी निळी फळं टाकते, बटण दाबते आणि दाट पेला तयार होतो. आपल्या पोरी ते बघतात आणि म्हणतात, हे आपल्यासाठी नाही. त्या व्हिडिओतलं सामान खरंच आपल्यासाठी नाही. ती रीत मात्र आपलीच आहे. फळ, दाणे, पीठ, दूध किंवा ताक हे सगळं एकत्र वाटायचं, गाळायचं नाही आणि चोथ्यासकट प्यायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्वारीची आंबील पिऊन शेतावर गेलेल्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

दूध मात्र त्या आज्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. मराठवाड्यातल्या दलित चुलीवर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं आहे. दूध, तूप, तेल या चुलीपासून किती लांब होतं, हे त्यात दिसतं. म्हणून ‘रोज अर्धा लिटर दूध प्या’ हा सल्ला आपल्या वस्तीत निम्म्या घरांना लागू पडत नाही. खाली सांगितलेल्या पेल्यांत दूध असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.

हा पेला घरात सगळ्यात आधी कुणाला लागतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. ही सरासरी सगळ्या राज्याची, म्हणजे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांसकट. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघालेली बाई थेट उन्हाळ्यात परतते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, दिवसभर फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, आणि आडोसा नाही म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायचं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ते सगळ्यांना आठवत असेल. तो प्रश्न एका पेल्यानं सुटणारा नाही, ते मजुरीचं आणि दवाखान्यांचं प्रकरण आहे. पण ज्या घरात आधी पुरुष जेवतात, मग लेकरं आणि उरलं तर बाई, त्या घरात एक पेला बाईच्या नावानं बाजूला काढून ठेवणं आजपासून जमण्यासारखं आहे.

आता कृतीकडे येऊ.

सगळ्यात सोपा पेला शेंगदाणा-केळ्याचा. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेंगदाणे रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या. दाण्यांत थोडं पाणी घालून आधी तेवढेच बारीक वाटा, मग एक पिकलेलं केळं आणि उकळून गार केलेलं एक पेलाभर पाणी घालून पुन्हा फिरवा. चिमूटभर मीठ टाका. केळं चांगलं पिकलेलं असेल तर साखर-गूळ लागत नाही. सालीवर काळे ठिपके पडलेली केळी बाजार उठताना स्वस्तात मिळतात. ती खराब नसतात, उलट जास्त गोड असतात. या पेल्यात ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं आणि अडीचशेच्या वर कॅलरी मिळतात. २०० मिली दुधात प्रथिनं ६ ते ७ ग्रॅम असतात, म्हणजे दूध न घालताही आपण दुधाच्या बरोबरीला आलो. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तर मूठभर दाणे साडेचार रुपयांना पडतात. केळ्याचे पैसे तुमच्या बाजारभावानं धरा.

मिक्सर नाही किंवा वीज नाही? पाट्यावर दाणे वाटा, केळं हातानं कुस्करा आणि पाणी घालून रवीनं घुसळा. जरा जाडसर होईल, पण त्यानं काही बिघडत नाही. लहान लेकरांना द्यायचं असेल तेव्हा मात्र दाण्याचा तुकडा राहता कामा नये, तो घशात अडकतो. शेंगदाणे निवडून घ्या. काळे पडलेले, बुरशी आलेले, कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या, भाजूनही वापरू नका. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही आणि ते यकृताला बाधतं. एखाद्याला दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा ओठ सुजत असतील तर त्याला हा पेला अजिबात देऊ नका.

दुसरा पेला खारा, आणि उन्हाळ्यात हाच बरा. फुटाणे सालासकट दळून आणा. दोन मोठे चमचे पीठ आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग पेलाभर ताक, भाजल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घाला. ताक नसेल तर पाणी आणि लिंबू. बिहारकडचे मजूर हेच सत्तू म्हणून पितात आणि त्यावर दुपारपर्यंत कामं करतात. आपल्याकडे फुटाणे जत्रेत खायचे आणि डाळं चिवड्यात घालायचं, एवढीच त्यांची ओळख राहिली. साल काढू नका, पोट साफ ठेवणारा चोथा सालातच असतो.

आंबील बहुतेकींना येते, तरी नव्या सुनांसाठी सांगते. तीन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्री भिजवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते मिश्रण धार धरून सोडा, हलवत राहा, दहा मिनिटं शिजू द्या. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. गार झाल्यावर ताकानं सैल करा. दातं नसलेल्या म्हाताऱ्यांना, तापातून उठलेल्यांना ही आंबील जाते. साखरेच्या रुग्णालाही ती केळ्याच्या पेल्यापेक्षा चालते, पण जेवणावर आणखी म्हणून नव्हे, एका भाकरीच्या जागी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एक कोरडं पीठ करून न्यावं. एक किलो फुटाणे, अर्धा किलो खरपूस भाजलेली ज्वारी, पाव किलो भाजलेले तीळ. फुटाणे आणि ज्वारी गिरणीतून आणायची. तीळ गिरणीवाला घेत नाही, त्याच्या जात्याला तेल धरतं, म्हणून ते घरी कुटायचे आणि मग मिसळायचे. घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ दोन-तीन आठवडे टिकतं, नंतर तिळामुळे खवट होऊ लागतं. चार चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम पीठ पेलाभर पाण्यात मीठ-लिंबू किंवा थोडा गूळ घालून कालवलं की ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पहाटे कोपीत चूल पेटायच्या आधी हे पिता येतं. न सोललेल्या तिळात चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर असतं, वजनाला वजन धरलं तर दुधाच्या कितीतरी पट. गावी आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या लेकरांसाठीही याच पिठाचा एक डबा भरून ठेवावा. म्हातारीला ते कालवून देणं जमतं, तीन वेळा चूल पेटवणं जमत नाही.

दिवाळीच्या आधीचे दोन महिने सीताफळाचे. बालाघाटच्या डोंगरातलं आपल्या बीडचं सीताफळ नावाजलेलं आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. धारूरकडून ते पाट्यांनी येतं. फुटलेली, दबलेली फळं शेवटी मातीमोल जातात, ती घ्या. गर चाळणीवर चमच्यानं घासून बिया वेगळ्या करा आणि तो गर गार दुधात किंवा गोड्या दह्यात रवीनं फेटा. बी असलेला गर मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका. सीताफळाच्या बियांत विषारी द्रव्य असतं. उवांसाठी काही घरांत त्या बियांची पूड डोक्याला लावतात, तीही डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा करते. तो प्रकार बंदच करावा.

शेवग्याचं झाड वस्तीत कुणाच्या ना कुणाच्या दारात असतंच. शेंगा विकल्या जातात, पाला शेळीला जातो. तो पाला धुऊन सावलीत वाळवा, चुरून डबीत भरा, आणि फुटाण्याच्या खाऱ्या पेल्यात एक लहान चमचा टाका. चव थोडी उग्र लागते, लिंबानं ती झाकते.

आता रक्तवाढीबद्दल थोडं, कारण इथे गैरसमज फार आहेत. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं असं नाही, बिटात लोह थोडंच असतं. ज्याला परवडतं त्यानं खावं, पण उधारी करून बीट-डाळिंबाचा रस काढू नये. पालेभाजी, बाजरी, हुलगे, फुटाणे यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं : लिंबू, पेरू, आवळा. लिंबू शिजवू नका, वरून पिळा. आणि चहा? राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शनात जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा टाळायला सांगितलं आहे, कारण चहा लोह अडवतो. आपल्याकडे भाकरीच चहात बुडवून खातात, त्याचं काय करायचं ते ज्या त्या घरानं ठरवावं, पण निदान गरोदर बाईच्या पुढ्यातून तरी ती बशी उचला. दूध-ताकाचा पेलाही लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. शाळकरी मुलींना आठवड्याची निळी गोळी आणि गरोदर बाईला रोजची लाल गोळी दिली जाते. ती फुकट मिळते म्हणून हलकी समजू नका. शौचास काळी होते, मळमळतं, म्हणून ती कोनाड्यात पडून राहते. रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. रक्त खरोखर कमी असेल तर ते गोळीनं भरतं, पेला त्याला हातभार लावतो. धाप लागत असेल, चक्कर येत असेल, पाळीत रक्त जास्त जात असेल तर आधी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.

टीव्हीवर उंची वाढवणाऱ्या डब्याच्या जाहिराती असतात. त्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नयेत, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. डबा उलटा करून १०० ग्रॅममागे साखर किती लिहिली आहे ते बघा. वाचता येणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या, तिलाही कळेल. शिवाय ती पावडर दुधातच घालायला सांगतात, म्हणजे ताकद दुधाची आणि नाव डब्याचं.

काही पथ्यं. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय यातलं काहीही नाही. पुढेही वाटी-चमच्यानं द्या, बाटली नको. कच्चं अंडं पेल्यात फोडू नका, अंडं उकडूनच खा. केळी, सीताफळ, गूळ मधुमेह असलेल्यांनी टाळावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेंगदाणा-केळं रोज घेऊ नये. जुलाब लागले तर असले दाट पेले बंद, दवाखान्यातली ओआरएस पुडी द्या. ती मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचं माप चुकवू नका, आणि लेकरू मलूल झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

केलेला पेला लगेच प्यावा. बीडच्या उन्हात तासाभरात दुधाचा पेला आंबतो. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला चोथा रोज काढला नाही तर पुढच्या वेळी तोच पोटात जातो.

वैशाखी पौर्णिमेला आपण सुजातेच्या आठवणीनं खीर वाटतो. कित्येक दिवसांच्या उपासानं खंगलेल्या सिद्धार्थाला तिनं जे दिलं ते दूध-तांदळाचं अन्न होतं, अंगात बळ आणणारं. मग १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चाळिशीच्या उन्हात आपण लाल-हिरवं साखरेचं पाणी का वाटावं? महिला मंडळांनी हिशेब मांडून बघावा : एक लिटर दह्यात चार लिटर पाणी घातलं की पाच लिटर ताक होतं, म्हणजे २०० मिलीचे २५ पेले. चारशे माणसांना १६ लिटर दही लागेल. फुटाण्याचं पीठ पेल्याला एक चमचा धरलं तरी चार किलोंवर जात नाही. दही आदल्या रात्री घरोघरी थोडं थोडं विरजायचं, पाणी उकळून माठात गार करून ठेवायचं आणि ताक मिरवणूक दारात आल्यावरच घुसळायचं.