रिव्हेराची सहा मिनिटे

२१ जून १९७०. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना संपत आला होता. ब्राझील इटलीपेक्षा ३-१ने पुढे होता. ८४व्या मिनिटाला इटलीने बदली खेळाडू म्हणून जियान्नी रिव्हेराला मैदानात पाठवले. १९६९चा ‘बॅलन डी’ऑर’, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा सन्मान, त्याच्याच नावावर होता. त्याने नीट श्वास घेण्याआधीच ब्राझीलचा चौथा गोल झाला.

या सहा मिनिटांची चर्चा सहसा प्रशिक्षक फेरुच्चो वाल्कारेज्जी यांच्या हट्टापाशी थांबते. मला तीमागे इटालियन फुटबॉलचा एक जुना पेच दिसतो: जो केवळ निर्माण करतो, राखण करत नाही, त्याला संघात जागा किती द्यायची?

१९४३ साली अलेस्सांद्रिया गावी जन्मलेला रिव्हेरा पंधराव्या वर्षी इटलीच्या अव्वल साखळीत उतरला. १९६० ते १९७९ अशी एकोणीस वर्षे तो मिलानकडून खेळला आणि १९६३ व १९६९ असे दोनदा त्याने युरोपियन कप जिंकला. शरीर सडपातळ, वेग बेताचा. पण सहकारी कुठे पोहोचणार हे त्याला आधी दिसे आणि चेंडू तिथे बिनचूक जाई.

त्या काळी इटलीत ‘कातेनाच्चो’चे राज्य होते. या शब्दाचा अर्थ दाराचा अडसर. बचावफळीच्या मागे आणखी एक राखणदार ठेवायचा, गोल होऊ द्यायचा नाही आणि संधी मिळताच झटकन प्रतिहल्ला करायचा. या रचनेत मधल्या फळीतल्या प्रत्येकाने मागे धावणे अपेक्षित होते. रिव्हेरा त्यात कमी पडे. क्रीडापत्रकार जियान्नी ब्रेरा यांनी त्याला ‘अबातीनो’ म्हटले. नाजूक, छोटेखानी मठाधिपती, असा काहीसा तो टोमणा.

त्याच्या जागेचा दुसरा दावेदार सान्द्रो माझ्झोला हा इंटरचा खेळाडू. मिलान आणि इंटर एकाच शहरातले, एकाच सान सिरो मैदानावर खेळणारे प्रतिस्पर्धी. माझ्झोला वेगवान, अधिक धावणारा. १९७०च्या विश्वचषकात प्रथमच सामन्यादरम्यान दोन खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली आणि वाल्कारेज्जींना पळवाट सापडली: पूर्वार्धात माझ्झोला, उत्तरार्धात रिव्हेरा. इटालियनांनी याला ‘स्टाफेट्टा’, म्हणजे रिले शर्यत, म्हटले.

गटातल्या तीन सामन्यांत मिळून इटलीचा एकच गोल झाला होता. उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. रिव्हेरा आला, त्याने स्वतःही एक गोल केला आणि इटली ४-१ने जिंकली.

मग १७ जूनचा पश्चिम जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना. जादा वेळेत, ११०व्या मिनिटाला, गेर्ड म्यूलरचा चेंडू गोलखांबाशी उभ्या असलेल्या रिव्हेराजवळून आत गेला. ३-३. गोलरक्षक आल्बेर्तोसी त्याच्यावर खेकसला. पुढच्याच मिनिटाला बोनिनसेन्याने डावीकडून दिलेला चेंडू रिव्हेराने शांतपणे जाळ्यात सरकवला. ४-३. टीकाकार आणि चाहते, दोघांचेही म्हणणे एका मिनिटात खरे ठरले होते.

म्हणूनच अंतिम सामन्याचा निर्णय खुपतो. चार दिवसांपूर्वी संघाला तिथवर पोहोचवणारा माणूस मध्यंतरानंतरही बाकावर होता. माझ्झोला पूर्ण सामना खेळला. रिव्हेरा आला तो आघाडीच्या बोनिनसेन्याच्या जागी, तेही सामना हातचा गेल्यावर. तो आधी आला असता तर इटली जिंकली असती, असे मी म्हणणार नाही. तो ब्राझील संघ फार मोठा होता. पण दोन गोलांनी मागे पडल्यावर राखण करून काय वाचणार होते? हल्ल्याची निकड असतानाही अडसर काढायला हात धजावला नाही. सवयीचे बळ असे असते.

रिव्हेरा १९७९मध्ये मिलानला दहावे विजेतेपद मिळवून देऊन निवृत्त झाला. १९८७मध्ये संसदेत गेला आणि पुढे उपमंत्री झाला. खाते मिळाले तेही संरक्षणाचे! ज्याला राखण जमत नाही असे आयुष्यभर ऐकवले गेले, त्याच्याकडे.

माझ्झोला की रिव्हेरा, हा प्रश्न मला गौण वाटतो. दोघे एकत्र खेळू शकतात, हा पर्याय त्या स्पर्धेत गांभीर्याने आजमावलाच गेला नाही. सहा मिनिटांची खरी खंत ती आहे.