रोजच्या जीवनातील पवित्र क्षण

पवित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ, विहार, मशीद किंवा चर्च उभे राहते. आम्हां ख्रिस्ती लोकांतही रविवारची उपासना, नाताळ, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन एवढ्यातच पावित्र्य संपते, असा पुष्कळांचा समज आहे. मग उरलेल्या सहा दिवसांचे काय? सीताबर्डीच्या गर्दीत, बसच्या रांगेत, स्वयंपाकघरात देव भेटतो की नाही? माझ्यासारखीला हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटत नाही. माझे बाबा बर्डीवर शिलाईकाम करतात. सणासुदीला तर रविवारीही मशीन थांबत नाही. कामाचे दिवस देवाविना असतील, तर आमचे बहुतेक आयुष्यच देवाविना गेले असे म्हणावे लागेल.

पवित्र क्षणाचे पहिले लक्षण असे की, तो घडत असताना बहुधा ओळखू येत नाही. याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला. तेथे परमेश्वर होता हे त्याला जाग आल्यावर उमगले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य येशूबरोबर चालले, बोलले. पण ओळख पटली ती त्याने भाकर मोडली तेव्हा. आपल्या नागपूरशी निगडित उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आहे. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातील एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणे झाले आणि त्याने त्यांना वाचायला बायबल दिले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या इतर प्रवाशांना मात्र तो एक साधा प्रवासच वाटला असेल!

दुसरे लक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पवित्र क्षण माणसाला माणसाच्या जवळ आणतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात याचा प्रत्यय येतो. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक, की घरात आणलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे, जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला हे पटल्यावर, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण तो निश्चय हीच खरी दीक्षा, असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानातही येशू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, म्हणून ती चकित होते. साधे पाणी, पण त्या मागण्याने केवढी भिंत पडली!

माझ्या पणजीच्या हातचे पाणी गावातले वरच्या जातीचे लोक घेत नसत, असे आजी सांगते. आज उन्हाळ्यात आई आमच्या दारात माठ भरून ठेवते. मे महिन्याच्या उन्हात एक सायकलरिक्षावाले काका थांबले. आईने पाण्याचा गडवा पुढे केला. त्यांनी जात विचारली नाही, नाव विचारले नाही. पोटभर पाणी प्याले, “देव भलं करो, बाई,” म्हणाले आणि निघून गेले. आईला हा प्रसंग आठवतही नसेल. मला मात्र त्या वेळी न पाहिलेली पणजी आठवली.

असे क्षण ओळखले तरी जपले नाहीत, तर हरवतात. म्हणूनच शमुवेलाने विजयानंतर धोंडा उभारून त्याला एबन-एजर, म्हणजे ‘साहाय्याचा धोंडा’, असे नाव दिले. प्रभुभोजन हेदेखील स्मरणच आहे आणि त्यातील भाकर रोजच्या ताटातलीच आहे. सोळाव्या शतकातील कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली. प्रथम उपकार मानावे, मग दिवसभराचे प्रसंग क्रमाने मनापुढे आणावे, चुकले तेथे क्षमा मागावी आणि उद्याचा निश्चय करावा. यासाठी वेगळी जागा लागत नाही, पैसाही लागत नाही. मी रात्री अंथरुणावर पडल्यावर हे करते. प्रसंग मोठा असेल तर वहीत दोन ओळी लिहिते.

लिहिण्याचे महत्त्व आमच्या घराला विशेष आहे. आमच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा आणि मृत्यू यांच्या तारखा आहेत. त्या पाळकांच्या हस्ताक्षरात आहेत. कारण आजोबांना लिहिता येत नव्हते. दोन तारखांच्या मधले आयुष्य त्या पानावर कोठेच नाही. पणजीने कोणाची तहान भागवली, आजीला कोणी कधी मायेने पाणी दिले, हे सारे त्यांच्याबरोबरच जायचे. मी घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी. हे मधले आयुष्य लिहून ठेवणे मला माझे काम वाटते, म्हणून आता आजीला विचारून मी एकेक प्रसंग वहीत उतरवते आहे.

वाचकमित्रहो, आपला धर्म कोणताही असो. आपल्याही घरात अशी आजी असेल. तिला विचारावे. ती सांगेल तो प्रसंग साधाच असेल, पण तो ऐकून ठेवावा.

— बी. ए. भाग २