भूत जवळच्याकडे येतं

‘फ्रॉस्टग्रेव्ह’ या खेळातल्या भुतांना कुणाचा राग नसतो आणि कुणाचा लोभही नसतो. ती कशी वागणार हे नियमांच्या पुस्तकात क्रमाने लिहून ठेवलेलं आहे. भूत कुणाशी भिडलेलं असेल तर ते लढत राहतं. भिडलेलं नसेल तर दहा इंचांच्या आत त्याला कुणी दिसतंय का ते बघायचं, आणि दिसणाऱ्यांपैकी जो सगळ्यांत जवळ असेल त्याच्या दिशेने त्याला सरकवायचं. कुणीच नसेल तर फासा टाकायचा आणि वाट फुटेल तिकडे त्याला भटकू द्यायचं. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मित्र, आणि मध्ये ही तिसरी बाजू, जी दोघांपैकी कुणाचीच नाही. तिला हलवताना आम्ही दोघंही टेपवर वाकतो. सव्वानऊ इंच की साडेनऊ, यावर कुणाचा तरी जीव ठरणार असतो.

हे सगळं उघड्यावर चालतं. पत्त्यांसारखं हातात लपवलेलं काही नाही. कुणाकडे कोणता मंत्र आहे, कुणाची किती ताकद उरली आहे, सांगाडा किती इंच चालतो, सगळं दोघांना ठाऊक. तरी एक पूर्ण हिवाळा मी या टेबलापाशी खरोखर घाबरलेलो आहे. ही भीती येते कुठून, हे मला जवळून बघायचं होतं.

आधी खेळाबद्दल थोडं. फेलस्टाड नावाचं जादूगारांचं एक वैभवी शहर बर्फाखाली गाडलं गेलं आणि शतकांनंतर तो बर्फ वितळू लागला. भग्न वाड्यांत, तळघरांत जुन्या पोथ्या आणि मंतरलेल्या वस्तू पडून आहेत. त्या उचलायला जादूगार आपापल्या टोळ्या घेऊन येतात. जोसेफ मॅकलक यांनी लिहिलेला हा खेळ ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनाने २०१५ साली काढला, आणि २०२० साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. प्रत्येकाकडे एक जादूगार, एक शागीर्द आणि जास्तीत जास्त आठ माणसं. सुरुवातीच्या चारशे सोन्याच्या नाण्यांत हा संसार उभा करायचा. आम्ही त्या नाण्यांना मोहरा म्हणतो. माझी जादूगार दामिनी पंचमहाभूतांची विद्या जाणणारी, तर मित्राचा कापालिक मढी उठवणारा.

आम्ही दोघंही नॉटिंगहॅममध्ये राहतो, आणि या छंदासाठी याहून सोयीचं गाव मला माहीत नाही. ‘वॉरहॅमर’ हा युद्धखेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथल्या लेंटन भागात आहे. फ्रॉस्टग्रेव्हच्या मिनी, म्हणजे टेबलावरच्या बाहुल्या, बनवणारी नॉर्थ स्टारही इथलीच. मिनी पूर्वी शिशाच्या मिश्रधातूत ओतल्या जायच्या, म्हणून या साऱ्या पट्ट्याला छंदिष्ट लोक ‘लेड बेल्ट’ म्हणतात. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडू लागतो. बाहेर जाण्यासारखं काही उरत नाही, आणि वहिनी जेवणाचं टेबल शनिवारच्या संध्याकाळी आमच्या हवाली करतात.

शहर आम्ही घरीच बांधलं. घरांच्या भिंतींना उबेसाठी लावतात ते घट्ट फोमचे तक्ते बांधकामाच्या दुकानात मिळतात. ते कापायचे, पेन्सिलीने दगडांच्या रेघा ओढायच्या आणि चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा वरून दाबत न्यायचा. गुळगुळीत फोमवर खडबडीत दगड उमटतो. स्प्रेचा रंग थेट फोमवर मारता येत नाही, त्यातलं द्रावण फोम खाऊन टाकतं. म्हणून आधी पांढऱ्या गोंदात काळा रंग मिसळून सगळीकडे जाड थर द्यायचा. मग राखाडी रंग, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा. बर्फासाठी पुष्कळ लोक खाण्याचा सोडा आणि गोंद वापरतात, पण तो काही महिन्यांत पिवळट पडतो. तयार बर्फाची पूड थोडी महाग असली तरी तीच घ्यावी. मित्र मूळचा कोल्हापूरचा. दिवाळीतल्या किल्ल्यांवर त्याने लहानपणी जी मेहनत घेतली ती त्याच्या हातात अजून शाबूत आहे. बुरूज कुठे ढासळलेला दाखवायचा, पायवाट कुठून वळवायची हे तो न मोजता ठरवतो. त्याने केलेल्या भिंतीला जिथे खिडकी असते तिथून धनुर्धराला नेमकं अर्धं अंगण दिसतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आमचा पुढचा तास भांडण्यात जातो.

मिनी २८ मिलिमीटरच्या. प्लास्टिकच्या चौकटीतून हात, डोकी, शस्त्रं सुटी कापून काढायची आणि आपल्याला हवा तो माणूस जोडायचा. नाव देण्याची पद्धत मित्राने पाडली. नियमांना नावाची गरज नाही, ‘धनुर्धर’ आणि ‘सरदार’ एवढं पुरतं. पण त्याच्या सरदाराचं नाव सर्जेराव. माझ्याकडे भिकू नावाचा एक फुकटात मिळालेला गुंड होता, आणि राणू. राणू माझा धनुर्धर. त्याच्या गळ्यात मी लाल उपरणं रंगवलं होतं, कारण राखाडी शहरात तो मला लगेच सापडायला हवा होता.

आता फाशाचं. फासा वीस बाजूंचा. लढाईत दोघंही एकेक टाकतात, आपापलं लढाईबळ मिळवतात, आणि ज्याची बेरीज मोठी त्याचा वार लागतो. याच बेरजेतून समोरच्याचं चिलखत वजा केलं की किती जखम झाली ते कळतं. सरदाराचं बळ चार, गुंडाचं दोन. वाटतं, फरक मोठा आहे. पण वीस बाजूंच्या दोन फाशांपुढे दोनाचा फरक फार टिकत नाही. हिशेब केला तर गुंडाने सरदारावर मात करण्याची शक्यता शंभरात अडतीस येते. म्हणजे या शहरात कुणीही सुरक्षित नाही आणि कुणीही टाकाऊ नाही. मला हा या खेळातला सगळ्यांत सुंदर निर्णय वाटतो. बुद्धिबळात प्याद्याने वजीर खाल्ला तर वजीरवाल्याची नजर चुकलेली असते. इथे भिकूने सर्जेरावाला पाडलं तेव्हा मित्राने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

मंत्राचंही तसंच. दामिनीला वीज पाडायला बारा लागतात. नऊ पडले, तर उरलेले तीन ती स्वतःच्या आयुष्यातून भरू शकते. तिच्याकडे एकूण चौदा. वीज पडते, पण ती स्वतः अकरावर येते. प्रत्येक वेळी आपणच ठरवायचं, की आत्ताच्या या एका क्षणासाठी आपण किती जगणं देणार.

एवढं सगळं असूनही, एकच डाव खेळला तर भीती वाटत नाही. डाव संपतो, बाहुल्या डब्यात जातात. भीती येते ती टोळीचा हिशेब ठेवणाऱ्या वहीने. प्रशियाच्या सैन्याने नकाशावरचा युद्धखेळ १८२४ साली मनावर घेतला, एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यांतल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं. त्या परंपरेत टेबलावरची लढाई हाच मुख्य ऐवज. पुढे गेम्स वर्कशॉपच्या ‘मॉर्डहाइम’ने १९९९ साली धूमकेतू आदळून उद्ध्वस्त झालेल्या एका शहरात टोळ्या उतरवल्या आणि प्रत्येक टोळीच्या हाती हिशेबाचा कागद दिला. कोण जखमी झाला, कोण काय शिकला, किती पैसे उरले. फ्रॉस्टग्रेव्ह त्याच वाटेने जातं. डाव संपल्यावर पडलेल्या प्रत्येक माणसासाठी एक फासा टाकायचा. एक ते चार आले तर तो मेला. पाच ते आठ आले तर पुढच्या डावाला मुकला. नऊ किंवा वर आले तर बरा. टेबलावर नुसता ‘पडलेला’ माणूस खरा मरतो तो इथे, चहा घेताना, वहीपाशी.

मित्राची वही दोनशे पानी, आखीव, तपकिरी पुठ्ठ्याची. जादूगाराने शंभर गुण कमावले की तो एक पायरी चढतो, तेही त्यात येतं. पण मित्र आणखी बरंच लिहितो. कोण कुठल्या खिडकीतून पडला, कुणाला वाचवायला कुणी पळत आलं. माझ्या माणसांबद्दलही तोच लिहितो, आणि माझ्यापेक्षा नेमकं लिहितो.

ज्या डावाबद्दल सांगायचं आहे त्यात टेबलाच्या मधोमध समाधीघर असतं. त्याच्या दारातून सांगाडे बाहेर येत राहतात. एका सांगाड्यात दम फारसा नसतो, जीव एकच, एका वारात कोसळतो. पण ते थांबत नाहीत. राणूने समाधीघराजवळून एक पेटी उचलली होती. ओझं घेतलेला माणूस निम्म्या वेगाने चालतो. त्याच्यापासून साडेसात इंचांवर एक सांगाडा होता, पण सर्जेराव त्या सांगाड्यापासून सहा इंचांवर होता, म्हणून मी निर्धास्त होतो. भूत जवळच्याकडे येतं.

मित्राने बराच वेळ टेबलाकडे पाहिलं. मग सर्जेरावाला उचलून भिंतीच्या मागे ठेवलं.

“हल्ला नाही करायचा?” मी विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “दमलाय तो.”

त्याने माझ्या माणसावर बाण सोडला नाही, मंत्र टाकला नाही. नुसता आपला माणूस नजरेआड केला. आता त्या सांगाड्याला दिसणाऱ्यांत सगळ्यांत जवळ राणू होता. सांगाड्याची पाळी आली तशी मी टेप धरला आणि मित्राने तो सरकवला. त्या फेरीत तो पोचला नाही. पुढच्या फेरीत राणू तीन इंच पुढे गेला, सांगाडा सहा इंच आला आणि भिडला. फासा मित्रानेच टाकला: वीस. अधिक एक, एकवीस. राणूचं चिलखत अकरा. जखम दहा. राणूचा जीव दहाच.

माणूस मागे घेऊन मारता येतं हे मला तोवर सुचलं नव्हतं. नियमात ते कुठेही लिहिलेलं नाही, तरी नियमांतूनच ते निघतं, आणि माझ्या समोरच्या माणसाला ते दिसलं. तेव्हा कळलं की मला सांगाड्याची भीती वाटत नव्हती. सांगाडा काय करणार ते मला पाठ होतं. भीती वाटत होती ती मित्राच्या त्या लांबलेल्या शांततेची. वही नसती तर तीही वाटली नसती, कारण राणूला गमावण्यासारखं काही त्याच्या नावावर जमाच झालं नसतं.

नंतर वहीपाशी फासा मी टाकला. तीन. मित्राने तारीख घातली, ‘राणू, समाधीघर’ असं लिहिलं आणि मला विचारलं, “मी घेऊन जाऊ त्याला?”

कापालिक डावाआधी एक मढं उठवून सोबत आणू शकतो. ते मढं कुणाचं, हे नियम विचारत नाहीत. आम्ही त्या रात्री आमचा एक नियम केला: ज्या टोळीचा माणूस मेला, तिने त्याची मिनी कापालिकाला द्यायची. पुढच्या वेळी राणू टेबलावर आला तेव्हा त्याची कातडी फिकट हिरवट राखी झाली होती, खोबणींत काळपट पातळ रंग उतरला होता, हातातलं धनुष्य कापून टाकलेलं होतं. लाल उपरण्याला मात्र मित्राने ब्रश लावला नव्हता. ते मी रंगवलं होतं तसंच होतं.

मढं हळू चालतं, फेरीला चार इंच. म्हणजे ते येताना बघायला भरपूर वेळ मिळतो. दामिनीने त्याच्यावर वीज टाकावी, हे कुणालाही कळलं असतं. मी तिला दोन फेऱ्या दुसरीकडे गुंतवून ठेवलं, आणि तिसऱ्या फेरीला टाकली. लागली. मित्राने काहीही न बोलता मिनी आडवी केली. कापालिकाने पुढच्या डावाआधी त्याला परत उठवलं, कारण त्याच्या विद्येत ते बसतं. सगळी मोहीम, म्हणजे एकामागून एक येणारे सगळे डाव, मी माझ्याच माणसाशी लढत राहिलो, आणि राणू जिवंत असताना त्याच्याबद्दल जेवढा विचार केला नव्हता तेवढा केला.

हे मित्राने माझ्याविरुद्ध केलं आणि माझ्यासाठीही केलं, असं मी मानतो. समोर बसणारा माणूस जितका लक्ष देऊन खेळतो तितकी आपली माणसं खरी होतात. कंप्युटरवर असे खेळ पुष्कळ आहेत, चांगलेही आहेत. पण तिथे उपरणं लाल ठेवायचं, हे कुणाच्या लक्षात राहिलं असतं?

पुढच्या मोहिमेबद्दल आमचं एकमत व्हायचं आहे. याच खेळाची ‘पेरिलस डार्क’ ही २०१९ सालची पुरवणी आहे. तिच्यात दोघांनी एका बाजूला राहून फक्त भुतांशी लढता येतं. मला ते करून बघायचं आहे. मित्राचं म्हणणं, टेबलाच्या एकाच बाजूला बसलो तर एकमेकांच्या टेपवर नजर कोण ठेवणार. शेवटी एक मोहीम तशी खेळायची ठरली, त्याच्या अटीवर: वही तीच राहील, आणि राणू कापालिकाच्याच पानावर राहील. मी त्याला ऐंशी मोहरा देऊ केल्या आहेत. तो शंभरावर अडला आहे.