जुना विंडसर्फिंग बोर्ड घेताना

हुसेनसागरावरची शिडं पाहून हिमायतनगरच्या आपल्या घरांतलं कुणी सेकंडहँड विंडसर्फिंग बोर्ड घ्यायचं म्हणालं, तर आम्ही सांगू : ओरखडे नंतर बघा. आधी डोलकाठी बोर्डाला जोडणारा रबरी सांधा पुरता वाकवून पाहा. बारीक चीर दिसली तरी नवा घ्या. त्यात काटकसर नको. बोर्ड दाबल्यावर मऊ लागला तर सौदा सोडा.

पाण्यात सांधा तुटलाच, तर आधी बोर्ड पकडा. शिडापासून सुटलेला बोर्ड वाऱ्याबरोबर असा पळतो, की पोहून गाठता येत नाही. शीड पाण्यात पडून राहिलं तर नांगरासारखं धरून ठेवतं, म्हणून शीड उचलायच्या दोरीनं ते बोर्डाला बांधा. किनारा जवळ वाटला तरी बोर्ड सोडून पोहत निघू नका. बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करा. मदत मागण्याची ही खूण जगभर ओळखतात.