टर्बो गाडीला पुढचा इंटरकूलर बसवताय? आधी जोड तपासा

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो, तसंच. तापलेली हवा विरळ, शिवाय इंजिन नॉकिंग करतं. म्हणून मध्ये इंटरकूलर.

सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर असतो. गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली की तोच तापतो. बंपरमागे बसवला तर वारा थेट मिळतो. पण पाइप लांबतात, जोर किंचित उशिरा येतो, रेडिएटरचा वाराही अडतो.

खरी गोम जोडांत आहे. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. पुढे एखादा क्लॅम्प सैल राहिला, तर मोजलेली हवा निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं: काळा धूर, जोर कमी. म्हणून आधी हवेचा दाब देऊन गळती बघा, मग ईसीयू ट्यून करून घ्या. तोवर गाडी पळवू नका.