गादीवरील डाग आणि आंतला ओलावा



घरांतील बहुतेक वस्तू पाण्यानें स्वच्छ होतात; गादीचें तसें नाहीं. धोतर, लुगडें, चादर धुवून पिळतां येते. कापसाच्या गादीला मात्र जें पाणी आपण शुद्धीसाठीं देतों, तेंच पुष्कळदां तिच्या नाशास कारण होतें. म्हणून गादीच्या स्वच्छतेचा विचार डागापासून न करतां ओलाव्यापासून करावा.

कापूस स्वभावतःच पाणी शोषणारा आहे. साधारण हवेंतही तो आपल्या वजनाच्या शेंकडा सात-आठ इतका ओलावा धरून असतो. पावसाळ्यांत मुंबईंत व कोंकणपट्टींत याहूनही अधिक. गादीवर तांब्याभर पाणी ओतलें, तर वरचें कापड लौकरच कोरडें लागेल. पण आंतल्या थरांत तें दिवसचे दिवस मुरून राहील. त्या ओलींत बुरशी वाढते, कुबट वास येतो, आणि पिंजून फुललेल्या कापसाच्या गुठळ्या होतात.

याहून गंभीर गोष्ट आरोग्याची. घरांतील धुळीनें अनेकांचा दमा बळावतो. त्याचें एक मुख्य कारण कोळ्याच्या वर्गांतला, नुसत्या डोळ्यांस सहसा न दिसणारा एक जीव आहे, असें १९६४ सालीं हॉलंडमधील लायडनच्या फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा या संशोधकांनीं पुढें मांडलें. हा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतो. तो पाणी पीत नाहीं. हवेंतला ओलावाच शोषून घेतो. म्हणजे गादी कोरडी ठेवणें हें नुसतें टापटिपीचें काम नसून दमेकऱ्याच्या श्वासाशीं त्याचा संबंध आहे.

आतां डागांकडे वळूं. पहिला नियम असा कीं, सांडलेलें घांसूं नये, टिपावें. घांसल्यानें डाग खोल जातो. कोरडें सुती फडकें दाबून धरावें, भिजलें कीं बदलावें. दुसरा नियम, पाणी गादीवर न ओततां फडक्याला लावावें. तिसरा, डागाच्या कडेकडून मध्याकडे यावें. मधून बाहेर गेल्यास मळ पाण्याबरोबर पसरतो व सुकल्यावर पिंवळट कडें उमटतें.

यापुढें डागाची जात ओळखावी. रक्त, दूध व अंडें यांत प्रथिनें असतात. उकळत्या पाण्यांत अंड्याचा बलक घट्ट होतो, तसाच उष्णतेनें हा डाग धाग्यांत पक्का बसतो. म्हणून येथें थंड पाणीच वापरावें. उरलेल्या रक्ताच्या खुणेवर तीन टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेंसें लावतां येतें. परंतु त्यानें रंग उडण्याचा संभव असल्यामुळें पांढऱ्या कापडापुरतेंच तें वापरावें. चहांत लिंबू पिळलें कीं त्याचा रंग फिका होतो, हें आपण पाहतोंच. चहाच्या डागावरही पाणी घातलेला शिरका टिपून लावल्यास उपयोग होतो. सोडा लावल्यास मात्र तो गडद होतो. तेलकट डागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर कांहीं तास ठेवून झटकावी, मग साबणाचा नुसता फेंस लावून ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा.

मूत्राच्या डागाची गोष्ट वेगळी. ताज्या मूत्राला उग्र दर्प नसतो. पुढें जंतूंमुळें त्यांतील युरियापासून अमोनिया होतो व वास सुटतो. म्हणून लगेच टिपून पाणी घातलेला शिरका लावावा, वाळल्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून झाडून टाकावा. शिरक्यांत किंवा कोणत्याही आम्लांत ब्लीचिंग पावडर कधींही मिसळूं नये. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो.

सर्व उपायांत वेळेचें महत्त्व किती आहे, हें यावरून ध्यानांत येईल. परंतु वेळेवर कळावें कसें? अंथरूण ओलें करणारें मूल तें खोडीनें करीत नाहीं. झोपेंत त्याचा त्यावर ताबा नसतो. त्याला रागें भरलें, तर दुसऱ्या दिवशीं तें चादर ओढून डाग झांकतें. अंथरुणाला खिळलेलीं वृद्ध माणसेंही संकोचानें गप्प राहतात, आणि ओल्यांत पडून त्यांच्या त्वचेला जखमा होतात. ज्या घरांत हें निःसंकोच सांगतां येतें, तेथें डागही निघतो आणि माणूसही सुखी राहतो. अशा अंथरुणावर चादरीखालीं मेणकापड घालावें.

नित्याची व्यवस्था सोपी आहे. गादीला काढतां येण्याजोगी खोळ असावी. चादरी व अभ्रे दर आठवड्यास धुवावे. कापड सोसणारें असल्यास साठ अंशांच्या पाण्यांत. उन्हाच्या दिवसांत गादी दोन्ही बाजूंनीं तापवावी, बाहेरच झोडपावी. त्या वेळीं दमेकऱ्यानें दूर राहावें. पावसाळ्यांत ती भिंतीला टेकवून उभी करावी व पंखा लावावा. फोमची गादी मात्र कडक उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवावी. आणि कापूस आंतून दमट झाला, तर वरून अत्तर शिंपडण्यापेक्षां टांके उसवावे, खोळ धुवावी, कापूस उन्हांत सुकवून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा. बुरशी धरलेला भाग काढूनच टाकावा. गादी पुन्हां उघडून नवी करतां येते, हाच कापसाच्या गादीचा मोठा गुण आहे.