पदवीचा हिशेब (लेखांक पाचवा) : साठ तासांचे समाजशास्त्र

समाजशास्त्र घेऊन बी.ए. व्हायला काय लागते, याचे कागदावरचे उत्तर सोपे आहे: तीन वर्षे, सहा सत्रे आणि किमान १२० क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात त्यांपैकी ६० क्रेडिट मुख्य विषयाला आणि २४ दुय्यम विषयाला आहेत. उरलेली भाषा, कौशल्ये, इतर विद्याशाखांचे विषय, मूल्यशिक्षण यांत वाटली आहेत. महाराष्ट्राने २०२३ च्या शासन निर्णयांनी या चौकटीत आपले खाने पाडले. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आली आणि संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. एका वर्षावर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोनावर पदविका, चौथे वर्ष केलेत तर ऑनर्स, हे मागच्या लेखांकात आलेच आहे. आज या सगळ्या खान्यांतला एकच, तोही आकाराने अगदी लहान खाना घ्यायचा आहे. माझ्या मते समाजशास्त्राची पदवी खरी की नुसती नावाची, हे ठरते ते त्यातच.

हा खाना क्षेत्र प्रकल्पाचा. त्याला साधारणपणे दोन क्रेडिट असतात. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, पण प्रत्यक्ष कामाचे एक क्रेडिट म्हणजे तीस तास. त्यामुळे दोन क्रेडिटांत विद्यार्थ्याकडून साठ तासांचे काम अपेक्षित आहे. साठ तास म्हणजे रोज सहा तास धरले तर दहा शनिवार. वेळ अगदीच तुटपुंजा नाही. अडचण आहे ती त्या वेळातून बाहेर काय पडते याची. सत्राच्या शेवटी विभागात जमा होणारी फाइल कोणत्याही प्राध्यापकाच्या परिचयाची असते. स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग गाईडमधून उतरवलेली ‘संशोधनाची व्याख्या’, मग ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ या विषयावर पन्नास जणांकडून भरून घेतलेली होय-नाहीची प्रश्नावली, आणि प्रत्येक प्रश्नामागे एक रंगीत वर्तुळालेख. हे पन्नास जण बहुधा त्याच वर्गातले असतात. निष्कर्ष काय येणार, हे विषय ठरला तेव्हाच ठरलेले असते. या फाइलला गुण मिळतात, क्रेडिट खात्यात जमा होतात आणि विद्यार्थ्याची एकदाही कच्च्या पुराव्याशी गाठ न पडता पदवीची अट पूर्ण होते.

ही विद्या आपल्याकडे अशी रुजली नव्हती. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती. आधी शहर पायी पाहायचे आणि मगच त्याचा आराखडा करायचा, असा या नगररचनाकाराचा हट्ट. त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागरची शेते, कर्जे आणि घरखर्च मांडत होते. १९१७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासातून जमिनीचे किती बारीक तुकडे पडलेत हे समोर आले. त्या शिवारात आज पिंपरी-चिंचवडचे टॉवर उभे आहेत, ते का आणि कसे, हे समजून घ्यायला आजही त्या पाहणीपासूनच सुरुवात करावी लागते. लोणीचे उदाहरण तर याहून बोलके. थॉमस कोट्स या डॉक्टरने १८१९ च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणीची घरे, अवजारे, बलुते यांची तपशीलवार नोंद केली. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक काढले. घुर्ये म्हणजे ग्रंथालयात बसून लिहिणारे विद्वान, अशी त्यांची ख्याती. त्यांनाही जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद ठेवावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नोंद घ्यायला शिकणे म्हणजे नेमके काय? एक साधा प्रश्न घेऊ. ‘तुमच्या घरात निर्णय कोण घेतो?’ असे छापील प्रश्नावलीत विचारले की उत्तर ठरलेले: ‘सगळे मिळून’. वर्तुळालेख रंगतो आणि कुटुंबसंस्था लोकशाहीवादी झाली असा निष्कर्ष लिहिला जातो. आता प्रश्न बदला. घरात शेवटची मोठी खरेदी कोणती झाली, तिचा विषय आधी कोणी काढला, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, बिल कोणाच्या नावावर आहे? त्याच घरातून आता वेगळे चित्र निघू शकते, आणि कदाचित ते घरातल्या दोन माणसांनी दोन प्रकारे सांगितलेले असेल. या दोन उत्तरांमधले अंतर हेच समाजशास्त्राचे खरे खाद्य. पितृसत्तेची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि ती बिलावरच्या नावात दिसणे वेगळे. पहिल्याची परीक्षा लेखी पेपरात होते. दुसऱ्याची कुठेच होत नाही.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असेल तो एमिल डर्कहाइमच्या नावाने. आत्महत्येवरचा १८९७ चा त्याचा गाजलेला ग्रंथ सरकारी आकडेवारीवर उभा आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर त्याने लिहिले ते तिथे पाऊल न ठेवता. मग बी.ए.च्या पोरांना उन्हात कशाला हिंडवायचे? आक्षेप बिनतोड वाटतो खरा, पण तो माझ्याच बाजूने जातो. त्या ग्रंथासाठी डर्कहाइमचा भाचा मार्सेल मॉस याने हजारो नोंदी हाताने वेगळ्या करून, वय, लिंग, वैवाहिक स्थिती असे गट पाडले होते. माझा आग्रह चपला झिजवण्यासाठी नाही, कच्चा माल हाताळण्यासाठी आहे. तो माल ग्रामपंचायतीच्या दप्तरात, शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा जनगणनेच्या पुस्तिकेतही मिळतो. परगावी जाणे ज्यांना जमत नाही, सायंकाळी कामावर जावे लागते म्हणून वा घरून परवानगी नाही म्हणून, त्यांना हा मार्ग मोकळा आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका शिक्षकामागे शंभर विद्यार्थी, तासिका तत्त्वावरच्या नेमणुका आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे लक्ष एमपीएससीकडे. शंभर स्वतंत्र प्रकल्प तपासणार कोण? कोणीच नाही, आणि म्हणूनच आजच्या फाइली तशा असतात. पण शंभर वेगळे विषय हवेत असे शासन निर्णय कुठे म्हणतो? वर्गाने मिळून एकच वॉर्ड किंवा एकच आठवडी बाजार घ्यावा, प्रत्येकाने त्यातली मोजकी घरे वा गाळे पाहावेत, नोंदवही जपावी आणि एकत्र जमलेल्या माहितीवर आपापले चार पानी टिपण लिहावे. शिक्षकाला विषय एकच तपासायचा असल्याने खोटी नोंद लगेच डोळ्यांवर येते. दरवर्षी पोरे प्रश्नावल्या घेऊन दारात उभी राहणार म्हणून वस्तीतल्या लोकांना वाटणारा वैताग, ही मात्र मला खरोखर गंभीर वाटणारी अडचण. तिच्यावर उपाय म्हणून माहिती मागण्याआधी नावे लिहिणार नाही हे सांगावे, आणि अहवालाची मराठी प्रत वॉर्डात परत द्यावी. एमपीएससीचे म्हणाल, तर उद्या ज्याला तहसील सांभाळायचे आहे त्याला घरात शिरून नीट प्रश्न विचारता येणे हे काही वाया जाणारे कौशल्य नव्हे.

आराखड्यातली एक गोष्ट मात्र उलटी बसली आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. मग बारा क्रेडिटांचा संशोधन प्रकल्प मिळतो. म्हणजे ज्या कामाची तीन वर्षांत खरी चाचणी झालीच नाही, त्याचा दरवाजा दुसऱ्याच परीक्षेच्या गुणांवर उघडायचा. पाठांतरात पासष्टावर अडकलेला, पण बाजारात उभे राहून नेमके पाहणारा विद्यार्थी दाराबाहेर राहतो. ही अट बदलणे विद्यापीठांच्या हातात नाही. क्षेत्र प्रकल्प कोणत्या सत्रात ठेवायचा आणि संशोधन पद्धतींचा पेपर त्याच्या आधी आणायचा की नंतर, याबाबतीत मात्र अभ्यास मंडळांचे म्हणणे चालते. जिथे प्रकल्प दुसऱ्या वर्षी आणि पद्धतींचा पेपर तिसऱ्या वर्षी आहे, तिथे प्रश्न कसे विचारावेत हे विद्यार्थी प्रश्न विचारून झाल्यावर शिकतो. निदान हा क्रम पुढच्या अभ्यासक्रम फेररचनेत उलटवायला ना निधी लागेल, ना नव्या नेमणुका.